आडवी पडली? घाई नको, बॉस!

अॅडव्हेंचर बाइक घेतली की डोळ्यांसमोर थेट लडाख दिसतं. पण सुट्टी असते शनिवार-रविवारची. मग संभाजीनगरहून साठेक किलोमीटरवरचं जालना काय वाईट? समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला बंदी आहे, ते एका परीनं बरंच. राजूरच्या गणपतीला किंवा घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला जाताना एखादा पाणंद रस्ता पकडायचा. एकदम भन्नाट!

फक्त पाऊस पडून गेलेला नसावा. हा कपाशीचा पट्टा. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा गच्च भरते आणि गाडी कधी आडवी झाली ते कळतही नाही. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचं २४९. सामान वेगळं. आणि सोबतीला कुणी नाही. अशा वेळी जिममधले दंड नाही, कामाचा क्रम उपयोगी पडतो.

आधी स्वतः, मग गाडी
किल स्विच बंद करा. हात-पाय हलवून पाहा. पेट्रोल गळत असेल तर लांब उभे राहा. हेल्मेट काढा, पाणी प्या. अंगात आलेलं आधी उतरू द्या! कंबर लचकते ती पहिल्या पाच मिनिटांतल्या घाईनं.

उचलायचा फंडा
बॅगा उतरवा. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. उतार असेल तर चाकं उताराच्या बाजूला येतील अशी गाडी फिरवून घ्या. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. आता सीटला पाठ टेकून बसा, एका हातात खालची ग्रिप, दुसऱ्यात मागचा रॅक. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठा आणि छोटी छोटी पावलं मागे टाका. अर्ध्यावर गाडी हलकी होते. तिथे जोर आवरा, नाहीतर पलीकडे कोसळेल. स्टँडखाली चपटा दगड हवाच.

चिखलात रुतली तर
रेस वाढवू नका, चाक आणखी खोल जातं. मडगार्डमधली माती काडीनं उकरा. गाडी मुद्दाम आडवी करून मागचं चाक खड्ड्याबाहेर ओढा, खड्ड्यात दगड किंवा पऱ्हाट्या भरा. पऱ्हाट्या कुणाच्या तरी बांधावरच्या असतात, विचारून घ्या. मग गाडीवर न बसता, बाजूनं चालत, हाफ क्लचवर बाहेर काढा.

तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर थांबा. मराठवाड्याच्या उन्हात दमलेला माणूस चौथ्यांदा ताकद लावतो तेव्हा गाडीपेक्षा त्याचंच जास्त नुकसान होतं. फोन टँक बॅगेत नाही, खिशात हवा. पाय गाडीखाली अडकला तर बॅगेपर्यंत हात पोचेलच असं नाही. निघताना रस्ता आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा. इमर्जन्सीला ११२ आहेच.

आणि हो, यातलं काहीही पहिल्यांदा शेतात करू नका. घराजवळच्या मैदानात मित्राला उभं करून, बाइक हळूच आडवी करून उचलून पाहा. तिथे उचलली नाही, तर ती एकट्यानं पाणंदीत न्यायची नाही, सिंपल!

एवढं करूनही अडलात, तर शेतातल्या माणसाला ‘राम राम काका’ म्हणायला लाजू नका. दोघांत वजन निम्मं होतं, आणि वर चहाही मिळतो.