"बसेल हो ब्रेक हळूहळू!"

गाडीचे ब्रेक 'अपग्रेड' करून घेतले आणि पेडल मऊ लागतंय अशी तक्रार केली, की गॅरेजमधून हमखास एक उत्तर येतं : "नवीन आहेत ना साहेब, बसतील हळूहळू. चारपाचशे किलोमीटर चालवा." आमच्या विदर्भात हेच जरा आपुलकीने मिळतं : "काही नाही होत भाऊ, बसून जाते ते." माझ्या मते गाडी दुरुस्तीच्या धंद्यातलं हे सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. आणि ते मुकाट्याने ऐकून गाडी बाहेर काढणारी मंडळी कोण? तर ऑफिसात सर्व्हरवर एक लाल दिवा लागला तरी रात्री दोन वाजता कॉलवर बसणारी! तिथे कुणी "बसेल हळूहळू" म्हणालं तर त्याला हे लोक मीटिंगमध्ये सोलून काढतील. इथे मात्र मान डोलावून पैसे देऊन मोकळे.

माझा एक मित्र मूळचा वर्ध्याचा, नोकरीला पुण्यात. त्याने मध्यंतरी आपल्या हॅचबॅकला पुढे मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर आणि स्टीलची जाळी असलेले होज पाइप बसवून घेतले. कारण काय, तर समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. वर्धेकरांना येळाकेळीजवळ त्यावर चढता येतं. सपाट भागात कारला मर्यादा ताशी १२० ची. "१२० ने जायचं तर ब्रेक पण तसेच पाहिजेत ना यार," हा त्याचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड! प्रत्यक्षात काम झाल्यावर पेडल पहिल्या दाबाला निम्म्याच्या खाली जायचं आणि दोनदा पंप केलं की वर यायचं. दुकानदाराने वरचं सुभाषित ऐकवलं.

आता जरा गणित करू. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. पेडल एकदा दाबलं, लागलं नाही, उचलून पुन्हा दाबलं, यात अर्धा सेकंद गेला असं धरा. म्हणजे गाडी जवळपास १७ मीटर नुसतीच पुढे गेली. तेवढ्यात एसटीची एक अख्खी बस मावते आणि वर जागा उरते. शिवाय वेग ८० वरून १२० वर नेला की गाडीतली ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. ती सगळी त्या डिस्क-पॅडमधून उष्णता बनून बाहेर पडायची असते.

आणि अशा सरळ रस्त्याची एक खासियत आहे. जुन्या नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावच्या सत्याग्रही घाटात तुम्ही सारखे ब्रेकवर असता, त्यामुळे पेडल बिघडायला लागलं तर पायाला लगेच कळतं. समृद्धीवर अर्धा अर्धा तास ब्रेकला पाय लागत नाही. मग अचानक पुढचा ट्रक लेन बदलतो, आणि 'पेडल मऊ आहे' ही बातमी तुम्हाला त्या क्षणी मिळते.

तर मुळात हे 'बसणं' म्हणजे काय? नवीन पॅड आणि नवीन डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांना जुळून यायला थोडे ब्रेक मारावे लागतात, हे खरं आहे. त्याने पकड सुधारते. पहिल्या शेदोनशे किलोमीटरमध्ये पेडल किंचित गादीसारखं लागू शकतं, हेही मान्य. पण पंप केल्यावर वर येणारं पेडल हा वेगळा प्रकार आहे, त्याचा पॅड बसण्याशी काहीही संबंध नाही. तुमच्या पायापासून चाकापर्यंत जे पोचतं ते ब्रेक ऑइलमधून पोचतं. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पाय दाबला की तेवढंच तेल पलीकडे पिस्टन ढकलतं. मधे हवेचा बुडबुडा असेल तर आधी तो दबतो, मग उरलं तर ब्रेक लागतो. तो बुडबुडा पाचशे किलोमीटर फिरवला म्हणून विरघळून जाणार आहे का? तो काढावाच लागतो.

गंमत म्हणजे पेडल स्वतःच सांगत असतं की दुखणं कुठे आहे. पंप केल्यावर वर येत असेल तर एक तर लाइनमध्ये हवा आहे, किंवा कुठेतरी पॅड-डिस्क अथवा मागच्या ड्रमचे शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त आहे. इंजिन बंद करून चारपाच वेळा पंप करा, पेडल कडक होईल. मग तसंच अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी तेल गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत तेल सोडतंय. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं की पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, म्हणजे बूस्टर ठीक. आणि कितीही पंप केलं तरी फरक पडत नाही, फक्त लांब जाऊन मग घट्ट लागतं, असं असेल तर प्रश्न हवेचा नाही, मापाचा आहे. चार लक्षणं, चार वेगळे रोग. आणि आपल्याकडे औषध एकच : "बसेल."

मित्राच्या गाडीचं काय झालं? त्या दुकानाने तीन वेळा हवा काढली, ब्रेक ऑइलचे डबे संपवले, पेडल तसंच. शेवटी वर्ध्यातल्या एका जुन्या मिस्त्रीने पुढची चाकं काढली आणि दोन मिनिटं नुसतं बघितलं. डावीकडचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला होता. बोल्ट बरोबर बसतात, डिस्क फिरते, सगळं छान दिसतं, फक्त हवा काढायचं निपल वर असायचं ते खाली जातं. "हवा वर जाते न भाऊ. निपल खाली ठेवलं तर थे कुठून निघन?" संपलं! वर मागचे ड्रम उघडून 'सर्व्हिसिंग' केल्याचे पैसे घेतले होते, त्यात शू जुळवलेच नव्हते. दोन्ही कामांना अर्धा दिवस लागला आणि पेडल दगडासारखं झालं. एकही नवीन पार्ट लागला नाही.

आता मापाचा प्रश्न. समजा मूळ कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा होता आणि तुम्ही ५४ चा लावलात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे साधारण २७ टक्क्यांनी. तेवढाच पिस्टन पुढे सरकवायला आता २७ टक्के जास्त तेल लागणार, आणि ते देणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच. मग पेडल लांब जाणारच. याला दोष म्हणता येणार नाही, हा व्यवहार आहे : कमी जोर, जास्त लांबी. पण हा व्यवहार गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको? किती दुकानदार पिस्टनचं माप सांगतात? "डबल पॉट आहे साहेब, लई भारी!" एवढ्यावर स्पेसिफिकेशन संपतं.

आणि मुळात या अपग्रेडची किती जणांना गरज असते? एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड होते ना? याचा अर्थ कंपनीच्या मूळ ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतकी ताकद आहे आणि आता कमी पडतोय तो टायर. मग मोठी डिस्क लावून त्या एका थांबण्यात तुम्ही एक मीटरही वाचवणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णता मुरवण्यात, म्हणजे रेस ट्रॅकवर नाहीतर लांब घाटात. नुसते पुढचेच ब्रेक वाढवले तर पुढच्या-मागच्या चाकांचा कंपनीने जुळवलेला तोल बिघडतो, तो वेगळाच. १२० ने जाणाऱ्याला ब्रेकवर खर्च करायचाच असेल तर आधी चांगले टायर आणि ताजं ब्रेक ऑइल घ्यावं. पण ते अलॉयच्या मागून लाल रंगात चमकत नाही, हीच त्यातली अडचण! (नुसती लाल प्लॅस्टिकची कॅलिपर कव्हर चिकटवणारे तरी परवडले, त्यांच्या गाडीचे ब्रेक निदान शाबूत असतात.)

ब्रेक ऑइलवरून आठवलं. वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पेडल मऊ झाल्याचं खापर उन्हावर फुटतं. पण डॉट ४ दर्जाचं नवं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पंचेचाळीस अंशांनी त्याला काय होणार! गोची अशी की हे ऑइल हवेतलं बाष्प शोषतं. पुरेसं पाणी मुरलं की उत्कलनबिंदू १५५ च्या आसपास येतो. मग घाटात डिस्क तापल्या की लाइनमध्ये वाफ होते, आणि वाफ दबते. म्हणजे उन्हाळ्यात जे दगा देतं ते आधीच्या दोनतीन पावसाळ्यांत मुरलेलं पाणी. अपग्रेड करताना दुकानातली महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली ओतली असेल तर नव्याकोऱ्या ब्रेकमध्ये जुनाच आजार भरला.

यावर कुणी म्हणेल, सरकार बघतं की! काय बघतं? खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. या काळात तिचा धूर पीयूसीवाला पुन्हा पुन्हा तपासतो, ब्रेक मात्र कुणीही तपासत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. पण मोठ्या कॅलिपरची पावती कुठल्या आरटीओने मागितल्याचं ऐकलंय? उलट उत्पादकाची जबाबदारी बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या ९,९२५ गाड्या परत बोलावल्या, मागच्या ब्रेकमधल्या एका पिनमध्ये दोष असू शकतो एवढ्या शंकेवरून. एका पिनसाठी! आणि ज्याने तुमचे अख्खे पुढचे ब्रेक बदलले तो "बसून जाते" म्हणून शटर ओढतो.

मिस्त्रीला शिव्या घालून मोकळं होणं मात्र मला पटत नाही. त्याच्याकडे त्या गाडीचं मॅन्युअल नसतं, एबीएसच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला लागणारा स्कॅनर नसतो. आणि आपण पार्टला हजारो रुपये निमूट मोजतो, पण "नुसतं बघायचे पाचशे कसले?" म्हणून मजुरीवर घासाघीस करतो. स्वतःच्या डीबगिंगचे तास क्लायंटला बिल करणाऱ्यांनी तरी हे करू नये. निदानाचे पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर निदान मिळणार नाही, सुभाषितच मिळेल.

तेव्हा मागणी साधी आहे. काम सुरू होण्याआधी पिस्टनचं माप आणि मास्टर सिलिंडरचं माप विचारा, उत्तर नसेल तर परत फिरा. ऑइलची सीलबंद बाटली समोर उघडायला लावा. गाडी घेताना आधी जागेवर पेडल दाबून बघा, मग रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने. पहिल्या दाबाला पेडल वर आणि घट्ट लागलं नाही तर चावी परत त्याच्या टेबलावर ठेवा आणि कारण विचारा. 'बसेल' हे कारण नव्हे. दुकानदार हसेल, मागे उभं असलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघेल, तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल. होऊ द्या. पंधरा वर्षांत या गाडीचे ब्रेक तपासणारा सरकारी माणूस येणार नाही, जे काही इन्स्पेक्शन होणार ते तुमच्या उजव्या पायाचं. त्याने नापास केलेली गाडी दुसऱ्याच्या शब्दावर येळाकेळीच्या रॅम्पवर चढवू नका.