घरसंसार : बर्फाच्या पावसातला रविवार

गारांचा पाऊस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. उन्हाळ्यात आभाळ काळे होते, पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज होतो, पोरे डोक्यावर टोपल्या घेऊन गारा वेचायला धावतात आणि शेतकरी कपाळाला हात लावून बसतो. पण बर्फाचे आणखी एक वादळ असते. ते आवाज न करता येते. आम्ही उभयतांनी ते २०१३ सालच्या डिसेंबरात कॅनडातील टोरांटो शहरी पाहिले. सुनेच्या बाळंतपणासाठी गेलो होतो. मुलगा तिथे मोटारी दुरुस्त करतो, सून नर्स आहे. नातू तेव्हा सव्वा महिन्याचा होता.

शनिवारी, २१ तारखेला रात्री बारीक पाऊस लागला. अगदी आपला श्रावणातला. एवढ्या थंडीत बर्फ सोडून पाऊस कसा, असे आम्ही विचारले, तर मुलगा म्हणाला, "बाबा, हाच वाईट." त्याचे कारण असे. उंचावरून हिम पडते. मध्ये उबदार हवेचा थर लागला की ते वितळून पाणी होते. जमिनीजवळ पुन्हा शून्याखालची हवा असते, पण तो थर पातळ, त्यामुळे थेंबाला गोठायला वेळ मिळत नाही. थेंब पाणीच राहतो, मात्र इतका गार की ज्याला शिवेल त्यावर बर्फ होऊन चिकटतो. गार पडते आणि उसळून बाजूला जाते. हा बर्फ तारेवर, फांदीवर, दाराच्या कडीवर बसून वाढतच राहतो.

पहाटे काडकन आवाज झाला. रस्त्यावरच्या झाडाची फांदी तारा घेऊन खाली आली होती. त्या वादळात टोरांटोतल्या सुमारे ३ लाख वीजग्राहकांची वीज गेली, आणि एक ग्राहक म्हणजे एक मीटर, त्यामागे सगळे कुटुंब. उजाडल्यावर पाहिले तर झाडे काचेची झालेली. सुंदर दिसत होती, खोटे कशाला सांगा! पण पायरीवर पाऊल ठेवायची सोय नव्हती, आणि रस्त्यावरच्या ट्रामही बंद पडलेल्या.

तिकडे घर तापवायला गॅसची भट्टी असते. गॅस येत होता, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालणारा. म्हणून भट्टीही गप्प. सकाळी घरातले तापमान २० अंश होते, दुपारी १३ वर आले. आम्ही सगळे एका खोलीत जमलो. दाराच्या फटीत कपडे कोंबले, खिडकीवर चादर बांधली. सामानातून नेलेल्या दोन गोधड्या निघाल्या. "कॅनडात गोधडी कशाला?" म्हणून हसणारा मुलगाच आधी गोधडीत शिरला.

मुलाच्या आईने बाळाचे पाय चाचपले. गार लागले. मागच्या अंगणात मांस भाजायची लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवी तिने आधीच हेरून ठेवली होती. "अहो, शेगडी आत घ्या. दार लावून घेतले की तासाभरात खोली ऊबदार होईल. बाळ-बाळंतिणीला शेकही लागेल." आम्हालाही ते पटले. आमची सगळी मुले शेगडीच्या शेकावरच वाढली. बाहेर निखारे फुलवले, शेगडी दाराशी आणली, तर सूनबाई बाळाला घेऊन दारात आडवी.

"बाबा, ही आत येणार नाही."

"पोरी, धूर संपलाय. नुसते निखारे आहेत."

"आई, धूर दिसतो तो बरा. निखाऱ्यातून निघतो तो वायू दिसत नाही, त्याला वासही नाही."

सुनेने सासूला दारात अडवले! आमच्या चाळीत यावर महिनाभर चर्चा पुरली असती. मुलगा गोधडीतून बाहेर येईना. शेवटी शेगडी बाहेरच राहिली आणि मुलाची आई भिंतीकडे तोंड करून बसली.

थोड्या वेळाने सुनेने स्वतःहून समजावले. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. बंद खोलीत तो साठतो. रक्त प्राणवायू वाहून नेते, पण हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने धरतो आणि सोडत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. "आणि मेलेल्या माणसाचा चेहरा कधी कधी लालसर दिसतो," ती म्हणाली.

यावर मुलाची आई वळली. "लालसर म्हणजे? झोपल्यासारखा?"

मग तिने सांगितले, तेही आम्हाला इतक्या वर्षांत कधी न सांगितलेले. तिच्या माहेरी शेजारच्या घरात एक बाळंतीण होती. थंडीचे दिवस. वारा लागू नये म्हणून खिडकीत बोळे कोंबलेले, दार बंद, बाजेखाली शेगडी. सकाळी दार उघडले तर माय-लेकरू दोन्ही गेलेले. अंगावर ओरखडा नाही, चेहरे लाल. गावाने म्हटले, बाहेरची बाधा. त्यातही बोट दाखवले ते सासूकडे. "तिने करणी केली म्हणायचे सगळे. त्या म्हातारीच्या हातचे पाणी आम्ही कोणी प्यायलो नाही. मीसुद्धा नाही." पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

बाळाला ऊब कशी द्यायची, तेही सुनेनेच दाखवले. त्याचे कपडे काढून, टोपी तेवढी ठेवून, त्याला आपल्या उघड्या छातीशी धरले आणि वरून गोधडी घेतली. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही पद्धत सुरू केली. आज आपल्याकडच्या इस्पितळांतही ती आहे. अर्ध्या तासात बाळाचे पाय कोमट झाले. ती दमली तेव्हा मुलाने सदरा काढला.

स्वयंपाकाची शेगडी गॅसची होती, काडीने पेटली. खिडकी बोटभर उघडी ठेवून पिठले-भात केला. शेजारी श्रीलंकेचे तामिळ कुटुंब, त्यांची चूल विजेची. ती माणसे तांदूळ घेऊन आली. भाषा कळत नव्हती, पिठले मात्र संपले.

याच देशात १९९८ च्या जानेवारीत माँट्रियलकडे याहून भयंकर वादळ झाले होते. सुमारे १,००० पोलादी मनोरे कोसळले, काही ठिकाणी महिनाभर वीज नव्हती. तेव्हाही आणि २०१३ मध्येही घरात कोंडलेल्या या वायूने माणसे गेली. आपल्याकडे बर्फाचे वादळ नाही, पण बंद न्हाणीघरातला गॅस गीझर आहे, शटर ओढलेल्या दुकानातले जनरेटर आहे आणि बाळंतिणीची खोली अजून आहे. शेगडी ठेवायचीच तर दार-खिडकी उघडी हवी, आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर. बसल्या बसल्या सगळ्यांचेच डोके दुखू लागले तर आधी मोकळ्या हवेत या, मग दवाखाना गाठा.

आमची वीज चौथ्या दिवशी, २५ तारखेला संध्याकाळी आली. भट्टीचा पंखा घरघरला, त्या आवाजाने बाळ दचकून रडू लागले. मुलाच्या आईने त्याला उचलले आणि सुनेला विचारले, "ती म्हातारी आता नाही. पण तिचा मुलगा आहे गावी. त्याला पत्र लिहिले तर चालेल का ग?"