चौथा मजला, तोही स्वस्तात

'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द मुळातच थोडा लबाड आहे. त्यातली स्वेच्छा नेमकी कुणाची, हे योजना आखणाऱ्यांनाही धड सांगता आले नसते. २००० साल संपता संपता सरकारी बँकांमध्ये ही योजना आली आणि २००१ च्या मार्चपर्यंत देशभरातले सुमारे एक लाख कर्मचारी तिच्या दारातून बाहेर पडले. वयाची ४० वर्षे किंवा नोकरीची १५ वर्षे पूर्ण असावीत, ही मुख्य अट. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा एकूण पगार, यांत जे कमी भरेल ते पदरात. माझी २७ वर्षे भरली होती, म्हणजे ५४ महिन्यांचा पगार. वय ४९. मी अर्ज दिला. आज दोन तपे उलटल्यावरही तो दिल्याचे मला वाईट वाटत नाही. पण त्या दिवसांत आम्हां सगळ्यांना जे सल्ले मिळाले, त्यांच्याविषयी मात्र थोडे बोलायला हवे.

सल्ला एकच होता, व्याजाचा. शाखेत दुपारच्या डब्याला कॅल्क्युलेटर निघत. ठेवीवर दहा टक्के धरले की महिन्याकाठी इतके, त्यात पेन्शन मिळवली की जवळजवळ पगाराइतके. मग सकाळची ७.४० ची लोकल हवी कशाला? हिशेब चोख होता, फक्त दर हलणार नाही असे त्यात गृहीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पासबुकात व्याज लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी ते गृहीत धरावे, याचे नवल वाटते. भविष्यनिर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेवर २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के मिळत होते; २००३ च्या मार्चमध्ये ते ८ वर आले. बँकांच्या ठेवींचे दर तर त्याहूनही खाली घसरले. ज्येष्ठ नागरिकांसाठी ९ टक्क्यांची बचत योजना २००४ मध्ये आली. पण चाळिशी-पन्नाशीत बाहेर पडलेला माणूस कागदोपत्री ज्येष्ठ नव्हता आणि नोकरदारही नव्हता.

घराचे काय, हे मात्र कुणी विचारीत नव्हते. वास्तविक लवकर निवृत्ती हा निम्म्याहून अधिक घराचाच प्रश्न असतो. नोकरीत असताना आपण घरात राहतो कितीसे? झोपायला येतो. निवृत्तीनंतर त्या चार भिंतींत चोवीस तास काढायचे असतात आणि पन्नाशीत बाहेर पडलेल्याला तर तीस-पस्तीस वर्षे.

आमची गिरगावातली खोली पागडीची, सासऱ्यांच्या नावावर. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी उघड केली, पण खोलीवर हक्क सांगणारे वाढतच गेले. दीर म्हणत, पैसे गावच्या घराला लावा, छप्पर नवे करू, सगळे मिळून राहू. 'सगळे मिळून' या शब्दांत बाईच्या वाट्याला किती स्वयंपाक येतो, हे बायकांना वेगळे सांगायला नको. शिवाय कोकणातले ते घर नऊ हिश्शांचे! सातबाऱ्यावर माझे नाव कुठेच येणार नव्हते. मी डोंबिवलीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतले. १९९५ च्या तेजीनंतर भाव उतरलेले होते, तेवढे नशीब. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटावर पहिले नाव माझे आणि दुसरे यजमानांचे. पहिल्या नावाला मत असते, दुसरे सहयोगी सभासद. घरात आठवडाभर अबोला होता. पण माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या कितीजणींचे पैसे मुलाची फी, नणंदेचे लग्न, यजमानांचा धंदा यांत विरघळले आणि मागे त्यांच्या नावावर पितळेचा डबासुद्धा राहिला नाही, हे मी पाहिले आहे. या विषयावर मी अजूनही हट्टी आहे.

दुसरा हट्ट मजल्याचा. त्या काळच्या चार मजली इमारतींना लिफ्ट नसायची. चौथा मजला स्वस्त, वारा छान, वर पायांचा आवाज नाही, म्हणून आमच्यातल्या पुष्कळांनी तो घेतला. पन्नाशीच्या माणसाला पायऱ्या दिसत नाहीत. आज त्यांच्यातली एक मैत्रीण गुडघ्यांमुळे महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. भाजी दोरी लावलेल्या पिशवीतून वर जाते. तिचे घर माझ्यापेक्षा मोठे आहे, हवेशीर आहे. मी पहिल्या मजल्यावर, खाली रिक्षांचा गोंगाट. पण खाली उतरले की समोर डॉक्टर, कोपऱ्यावर वाचनालय. बंगलीसाठी दूर गेलेल्यांची गोष्ट वेगळीच. बाग फुलली, पण रात्री छातीत दुखू लागले तर गाडी चालवणार कोण?

घरावर पेन्शन मिळवायची सोय, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, २००७ पासून आहे. साठीपुढच्यांना घर गहाण ठेवून दरमहा रक्कम घेता येते आणि मरेपर्यंत घरातच राहता येते. माझ्या ओळखीत एकानेही ती घेतलेली नाही. मुलांना काय वाटेल, हे सगळ्यांचे उत्तर. परदेशात असलेल्या मुलांना त्या दोन खोल्यांचे काय वाटते, हे मात्र कुणी विचारून पाहिलेले नाही.

आता आमच्या इमारतीत पुनर्विकासाचे वारे आहे. २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. नव्या टॉवरला लिफ्ट असेल, हे खरे. पण मधली तीन-चार वर्षे सत्तरीच्या जोडप्याला भाड्याने घर देतो कोण? दोन घरमालकांनी वय ऐकूनच फोन ठेवला. मी कमिटीला लेखी कळवले आहे: भाडे हातात नको, विकासकाने इथेच जवळपास, तळमजल्यावर, राहायची जागा शोधून द्यावी आणि नव्या इमारतीत मला दुसऱ्या मजल्याच्या वरची जागा नको. एकविसाव्या मजल्यावरून खाडी दिसते, असे ते परोपरीने समजावतात. पत्र अजून त्यांच्या फायलीत आहे. मी सही केलेली नाही.