पीलची नऊ तत्त्वे आणि शिपायाचा नकार

१/ पोलिसांच्या नीतिशिक्षणाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक तक्ता हमखास फिरू लागतो : 'रॉबर्ट पील यांची नऊ तत्त्वे, १८२९'. भारतीय प्रशिक्षणार्थींकडून तो घोटून घ्यावा, म्हणजे सचोटीचे अधिकारी घडतील, असा आग्रह सोबत असतो. हा आग्रह इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शिक्षणाच्या कसोटीवर तर मुळीच नाही.

२/ आधी तक्त्याविषयी. १८२९ मध्ये लंडनच्या नव्या दलासाठी सूचना निघाल्या, हे खरे. त्या पहिल्या दोन आयुक्तांच्या, म्हणजे चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन यांच्या कारकिर्दीतल्या. मात्र आज फिरणारी नऊ कलमी यादी त्या कागदांत नाही. तिला हे रूप विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासलेखकाने दिले.

३/ शिवाय हाच पील त्यापूर्वी आयर्लंडचा मुख्य सचिव होता आणि १८१४ मध्ये त्याने तेथे शांतता राखण्यासाठी वेगळे दल उभारले होते. पुढे आयर्लंडमध्ये सशस्त्र, बराकीत राहणारे, सरकारला उत्तरदायी असे पोलीस दल आकाराला आले. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तेथील पोलिसांसाठी नमुना घेतला तो आयर्लंडचा, लंडनचा नव्हे. भारतीय पोलिसांना पीलचे वारस म्हणायचेच असेल, तर कोणत्या पीलचे, हे आधी ठरवावे लागेल.

४/ आता मद्रास इलाखा. तेथील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. सारा वसूल करताना आणि गुन्ह्याची कबुली घेताना, दोन्ही वेळी छळ होतो, असे त्यात नोंदले गेले. 'किट्टी' नावाच्या लाकडी चिमट्यात बोटे दाबणे, माणसाला वाकवून त्याच अवस्थेत बांधून ठेवणे, असे प्रकार त्यात तपशिलाने आले आहेत.

५/ यावर योजलेला उपाय लक्ष देऊन पाहावा. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली पुराव्यातून बाद केली. १८७२ च्या पुरावा कायद्यात तेच कलम २५ झाले. शिपायाला सद्वर्तनाचे धडे देत बसण्याऐवजी छळातून मिळणारे फळच काढून घेतले गेले. (पण कलम २७ ने एक खिडकी उघडी राहिली : कबुलीतून वस्तू हाती लागली, तर तेवढा भाग ग्राह्य. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती बंद केलेली नाही. नीतीचा ऱ्हास कोठे होतो हे शोधणाऱ्यांनी नजर याच खिडकीवर ठेवावी.)

६/ १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाला पोलीस दल अकार्यक्षम, प्रशिक्षणात सदोष, आणि लोकांच्या नजरेत भ्रष्ट व जुलमी आढळले. त्याच काळात इलाख्यांत प्रशिक्षणशाळा उभ्या राहिल्या. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली शाळा १९०९ मध्ये नाशिकला गेली. मात्र याच आयोगाच्या लेखी शिपायाचे काम यांत्रिक स्वरूपाचे होते. विवेक लागेल ते काम वरच्यांचे. ज्याला यंत्र म्हणून घडवले, त्याला नैतिक निर्णय कसा घ्यावा हे शिकवायचे! खरी मेख येथे आहे.

७/ शिपायाकडे निर्णयबुद्धीची कामे सोपवावीत आणि भरती व प्रशिक्षण त्यानुसार बदलावे, हे राष्ट्रीय पोलीस आयोगाने सांगितले ते १९७९ च्या पहिल्या अहवालात. एवढे म्हणायला पाऊणशे वर्षे लागली.

८/ वास्तविक कायद्यात जागा पहिल्यापासून होती. १८६१ च्या पोलीस कायद्याचे कलम २३ आज्ञापालन सांगते, पण ते *कायदेशीररीत्या* दिलेल्या आज्ञांचे. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९५१ च्या कायद्याच्या कलम ६४ मध्येही हीच अट आहे. 'प्रत्येक शिपाई आदेशाची चिकित्सा करू लागला तर दंगल कोण आवरणार?' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे : ही अट कोणा बंडखोराने नव्हे, १८५७ नंतरच्या धास्तावलेल्या वसाहती सरकारने घातली.

९/ आणि अट आहे म्हणून नकार सोपा होत नाही. १८६१ च्याच कायद्याचे कलम ७ वरिष्ठांना महिन्याच्या पगाराएवढा दंड करण्याची, पंधरा दिवस बराकीत डांबून दंडाची कवायत करवून घेण्याची मुभा देते. उलट २०११ मध्ये मुंबईतील एका कथित बनावट चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन बजावले की, वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब चालणार नाही. नकार दिला तर वरिष्ठ आहेत, पाळले तर न्यायालय. या कात्रीत सापडलेल्या माणसाला नऊ तत्त्वांचा तक्ता काय सांगणार?

१०/ १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळी ज्ञापन, साक्षीदाराची सही, वेळेची नोंद, नातेवाइकाला कळवणे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. रुक्ष कारकुनी वाटते. पण निर्णयाला नाव आणि वेळ चिकटली की तो नाकारायलाही आधार मिळतो.

११/ म्हणून नेतृत्वाचा पाठ शिपायाला नव्हे, आज्ञा देणाऱ्याला आधी हवा. अधिकारी होऊ घातलेल्यांपुढे १८५५ चा अहवाल, कलम ६४ आणि २०११ चा निकाल ठेवावा आणि एकच प्रश्न सोडवायला द्यावा : तुमचा तोंडी हुकूम बेकायदा असेल, तर तुमच्या हाताखालचा शिपाई तो कोणत्या नोंदवहीत, कोणत्या शब्दांत नाकारील, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बदली होऊ नये म्हणून तुम्ही काय करून ठेवले आहे?