विरघळलेले मीठ गाळून निघत नाही

सातपुड्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या खाऱ्या विहिरींचा प्रश्न निघाला की आधी गाळण यंत्राची मागणी होते. या मागणीमागे क्षाराला घाण समजण्याची चूक आहे. गढूळ पाण्यातले कण तुरटीने खाली बसतात, वाळूत अडकतात. मीठ पाण्यात गेले की सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात, पाण्याचे रेणू त्यांना वेढून घेतात आणि अडकवायला कणच उरत नाही. उकळल्याने पाण्याचा जडपणा काहीसा कमी होतो, मीठ तसेच राहते. उलट वाफ गेल्यावर मागचे पाणी जास्तच खारट होते.

शेतात तर विद्राव्यतेचा हिशेब फार निष्ठुर असतो. एका लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ मावते, जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम आणि चुनखडी त्याहून कितीतरी कमी. म्हणून ओलिताचे पाणी आटू लागले की चुनखडी आधी बाहेर पडते आणि सोडियम शिल्लक राहतो. चिकणमातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा तो बळकावतो, ओली माती फुगते, तिची छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. लिटरला दोन ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याची पाच सेंटिमीटरची एकच पाळी दिली, तरी हेक्टरी पाच लाख लिटर पाण्याबरोबर एक टन क्षार शेतात येतो. जिप्सम टाकल्याने त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो हे खरे. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला गोडे पाणी आणि निचरा हवाच, आणि या भारी काळ्या जमिनीत निचराच दुबळा आहे.

आरओ यंत्र आयनही अडवते, मग अडचण काय, असा आक्षेप येईल. ज्या गावाला दुसरा स्रोतच नाही, तिथे पिण्यापुरते ते यंत्र आजच बसवावे. विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि पर्याय नसेल तर २,००० पर्यंत सूट, हे भारतीय मानकच सांगते. पण यंत्र क्षार नष्ट करत नाही, उरलेल्या पाण्यात दाटवते. ते पाणी नालीत सोडले की पुन्हा त्याच जमिनीत मुरते. धरणाचे पाणी नळाने आणणे उत्तम, मात्र वान धरणासारख्या साठ्यावर गावे, शहरे आणि ओलीत असे तिघेही हक्क सांगतात.

उरतो पाऊस, ज्यात क्षार नगण्य असतात. वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरला तर ५० चौरस मीटरच्या छपरावर साडेसदतीस हजार लिटर पाणी पडते. पाच जणांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २० लिटर लागले, तरी पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांची गरज ४,८०० लिटरची आहे. पाऊस लहरी आहे ही शंका रास्त, पण निम्मा पडला तरी या छपरावरून टाकी अनेकदा भरेल. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकून ठेवावी आणि पाणी निर्जंतुक करून प्यावे. जंतू मारणे सोपे आहे, मीठ काढणे नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून घरकुलाच्या प्रत्येक छपराला पन्हळ आणि पाच हजार लिटरची टाकी जोडावी, आणि रब्बीच्या ओलितासाठी खाऱ्या बोअरच्या आधी शेततळ्याला अनुदान द्यावे.