विश्लेषण : पाणबुडीच्या गेममध्ये ‘गप्प बसण्या’त एवढी मजा का?

डोक्यावर शत्रूची विनाशिका घिरट्या घालते आहे. पाणबुडीचे मोटर जवळपास बंद, खलाशी कुजबुजत बोलताहेत आणि स्क्रीनवर काटे सोडले तर काहीच हलत नाही. नेमबाजीच्या गेमला सरावलेल्या मुलाला मोबाइल हँग झाल्यासारखे वाटेल. तरीही २००५ मध्ये आलेल्या ‘सायलेंट हंटर ३’चे चाहते आजही तो खेळतात आणि ‘यूबोट’, ‘वुल्फपॅक’ हे नवे गेम त्याच वाटेने निघाले आहेत. या गेमची खरी मजा टॉर्पेडो सोडण्यात नाही, तर नंतर लपून राहण्यात आहे.

लपायचे कसे?

या तिन्ही गेमची पार्श्वभूमी दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिक महासागराची. त्यातली जर्मन ‘टाइप ७ सी’ पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चाले. ताशी ४ सागरी मैल अशा संथ गतीने ती साधारण ८० सागरी मैल जाऊ शके. वेग वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरे आणि प्रॉपेलरचा आवाजही वाढे. त्यामुळे पळून जाणे हा पर्यायच नाही.

विनाशिकेकडे ‘ॲस्डिक’ हे यंत्र असते. ते पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधते. पण विनाशिका अगदी जवळ आली की पाणबुडी या ध्वनिझोताच्या खाली जाते आणि प्रतिध्वनी मिळेनासा होतो. डेप्थ चार्ज मात्र विनाशिकेच्या मागच्या बाजूने पाण्यात पडणार असतात. म्हणजे ऐन माऱ्याच्या वेळी मारणारा आंधळा! मुरलेला खेळाडू नेमका याच वेळी सुकाणू पूर्ण वळवतो आणि वेग वाढवतो. स्फोटांनी पाणी ढवळून निघते, वर कोणालाच काही ऐकू येत नाही. तो गोंधळ शमायच्या आत पुन्हा मोटर मंद. समुद्रात गोंगाट असेल तेव्हाच आपण आवाज करायचा. खऱ्या युद्धातले कप्तानही हेच करत. त्यावर तोड म्हणून ब्रिटिशांनी जहाजाच्या पुढच्या बाजूला मारा करणारे ‘हेजहॉग’ आणले.

२०१७ चा ‘कोल्ड वॉटर्स’ शीतयुद्धावर बेतलेला आहे. त्यात समुद्राच्या गरम आणि थंड पाण्याच्या थरांआड लपता येते. गेम उत्तम, पण आपली पाणबुडी बाहेरून दिसत राहते आणि धाक तिथेच निम्मा होतो.

म्हणूनच ‘सायलेंट हंटर’ खेळताना सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचा कॅमेरा आधी बंद करावा. विनाशिका दिसत नाही, फक्त ऐकू येते, तेव्हा कानाला हेडफोन लावलेला माणूस खरोखर श्वास रोखतो. कॅमेरा सुरू ठेवून खेळणे म्हणजे डोळ्यांवरची पट्टी सरकवून आंधळी कोशिंबीर खेळणे.

पण टनांचे काय?

न दिसण्याची एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल हे गेम फारसे बोलत नाहीत. खेळाडूचे यश मोजले जाते बुडवलेल्या जहाजांच्या टनांत. ‘सिटी ऑफ बनारस’ हे असेच एक प्रवासी जहाज. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘यू-४८’ पाणबुडीने ते बुडवले. युद्धापासून दूर, कॅनडाला सुरक्षित ठिकाणी पाठवली जात असलेली ९० मुले त्यावर होती. त्यातली ७७ गेली. खलाशांमध्ये बहुसंख्य भारतीय होते. त्या काळी मुंबईतून ब्रिटिश जहाजांवर भरती होणाऱ्यांत कोकणातले आणि गोव्यातले लोक मोठ्या संख्येने असत.

गेमच्या हिशेबात असे जहाज म्हणजे ११ हजार टन. इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा हिशेब इतक्या बारकाईने मांडणाऱ्या कंपन्यांना टनांच्या आकड्याशेजारी जहाजावरच्या माणसांची संख्या दाखवणे अवघड नाही. त्याने लपण्यातली मजा कमी होणार नाही. पुढचा टॉर्पेडो सोडताना बोट क्षणभर थबकेल, एवढेच.