मागील बाकी रुपये पस्तीस

पुण्याच्या शनिवार पेठेत एका जैन कुटुंबाचे किराणा-भुसाराचे जुने दुकान आहे. तेथील हिशेब आता संगणकावर असतो. तरी दिवाळीच्या चोपडा-पूजनासाठी लाल कापडी बांधणीची वही आजही आणली जाते. स्वस्तिक रेखाटून, गौतमस्वामींच्या लब्धीची प्रार्थना लिहून झाली की पहिल्या पानावर जमेच्या बाजूस एक ओळ उतरते : ‘भाजीवाल्या मावशी, मागील बाकी रु. 35.’

ही ओळ या घरच्या आजींनी सुरू केली. घरात आणि पेठेत सर्व जण त्यांना ‘बा’ म्हणत. वयाच्या 84 व्या वर्षी बा गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पण नातवंडांच्या बोलण्यात त्यांचे नाव आले नाही असा दिवस विरळा. पहाटेचे त्यांचे 48 मिनिटांचे सामायिक, त्यानंतर पाणी गाळून उकळत ठेवणे, नवकारशीच्या वेळी प्रत्येकाच्या ताटात गरम खाखरा, सूर्यास्तापूर्वी सतरा माणसांची जेवणे उरकून स्वतःचा चौविहार. परीक्षेच्या सकाळी सुखडीचा तुकडा हातावर ठेवणाऱ्या बा सर्वांना आठवतात. नातवंडांपैकी कोणी पहिली कमाई पायाशी आणून ठेवली, तर आशीर्वादाआधी त्या एकच विचारीत, “कोणाचे काही द्यायचे राहिले नाही ना?”

या प्रश्नामागे एक इतिहास होता. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. नदीकाठच्या शनिवार पेठेतील या दुकानात गूळ, साखर, धान्य, तराजू काहीच राहिले नाही. रोजमेळ आणि खातेवह्याही गेल्या. कुटुंबाने गुरुवार पेठेत एका नातलगाच्या घरी आसरा घेतला. चातुर्मास जेमतेम पंधरा दिवसांवर होता.

येणे बुडाले, याचे दुःख होतेच. मोठा प्रश्न देण्याचा होता. घाऊक व्यापाऱ्यांकडे त्यांच्या वह्या होत्या. परंतु परिसरातील अनेक गरीब स्त्रिया आपली पाच-दहा रुपयांची शिल्लक या दुकानात ठेवीत असत. धुणी-भांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या अशा त्या बाया. त्यांच्याजवळ पावती नव्हती. लिहिलेले जे होते ते दुकानाच्या वहीत होते.

घरातील कर्ते पुरुष, बापूजी, प्रामाणिकच होते; पण त्या वेळी ते खचले होते. “कागदच उरला नाही, तर कोणाला किती द्यायचे हे ठरवायचे कसे? आधी आपले घर उभे राहू दे,” असे ते म्हणाले. बा म्हणाल्या, “त्या बाया मागच्या दाराने येऊन पैसे माझ्याच हातात देत. मला एकेक आठवते. मी सांगते, तुम्ही लिहा.”

दोन संध्याकाळी बा सांगत गेल्या आणि शाळेच्या एका कोऱ्या वहीत तेवीस नावे उतरली. बांनी हातातील बांगड्या विकल्या व एकेकीला शोधून तिची ठेव परत केली. एका बाईने आपली ठेव चाळीस रुपयांची असल्याचे सांगितले. बांना साठ आठवत होते. त्यांनी साठ दिले. ठेवणारा आपली ठेव विसरून कमी मागतो आणि ठेवून घेणारा जाणूनबुजून तेवढीच देतो, यास शास्त्रात न्यासापहार म्हटले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तो सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. बांना तो शब्द ठाऊक होता की नाही, सांगता येणार नाही.

याची किंमत मात्र घरानेच मोजली. दुकान पुन्हा उघडण्यास आठ महिने लागले. तेरा वर्षांच्या थोरल्या मुलाला त्या वर्षी शाळेची पुस्तके मिळाली नाहीत. परक्यांचे पैसे फिटले आणि आपल्याला पुस्तके नाहीत, हा राग त्याच्या मनात घर करून राहिला. दोन महिन्यांनी संवत्सरी आली. प्रतिक्रमण आटोपल्यावर बा त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या वाट्याचे मी दुसऱ्यांना दिले. मिच्छामि दुक्कडम्.” मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या तोंडून एक शब्द आला नाही.

तेविसातील एक नाव उरले. नदीकाठी झोपडीत राहणाऱ्या भाजीवाल्या मावशींचा पत्ता लागला नाही. पूरग्रस्तांच्या छावण्यांत, मंडईत बांनी पुष्कळ चौकशी केली. त्या दिवाळीस नवी वही उघडली, तेव्हा मावशींचे पस्तीस रुपये पहिल्या पानावर आले. पुढे वाणिज्य शाखेत शिकलेल्या एका नातवाने सुचवले, “बा, इतकी जुनी रक्कम नफ्याकडे वळवून टाकू.” बांनी विचारले, “उद्या तिच्या घरचे कोणी आले, तर काय सांगशील?” नातू निरुत्तर झाला.

बँकांचा नियमही याहून वेगळा नाही. दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव बँकेला आपल्या नफ्यात घेता येत नाही. 2014 च्या योजनेनुसार ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जाते आणि त्यानंतरही ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क कायम राहतो. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाचे 35 गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान न्यायसंपन्न वैभवाला, म्हणजे न्यायाने मिळवलेल्या धनाला आहे. व्यापारी घराची पत येथूनच सुरू होते.

बांच्या अखेरच्या आजारपणात दिवाळी आली. थोरला मुलगा तेव्हा साठीच्या घरात होता. वही घेऊन तो त्यांच्या खाटेपाशी बसला आणि ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. मग मोठ्याने वाचून दाखवली. बांनी त्याच्या हातावर हात ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या संवत्सरीला दिले गेले नव्हते ते उत्तर त्यांना मिळाले होते.

आता ती ओळ नात लिहिते. येत्या पर्युषणात आपणही आपापल्या घरची जुनी पाने एकदा उलटून पाहावीत. कोणाचे काही द्यायचे राहिले नसेल ना?